आत्याचा डावा हात

आमच्या कारखान्यात मालकांचा उजवा हात कोण, यावर चहाच्या वेळी वाद व्हायचे. डाव्या हाताबद्दल मात्र कधी दुमत नव्हतं. तो एकच होता, माझ्या आत्याचा. मनगटाच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते आणि निळ्या शिरा दिसतात, तिथे बत्तीस वर्षं एक ना एक पट्टी चिकटलेली असायची. पट्टीखाली नाण्याएवढं मलम. तेवढ्या जागेने होकार दिल्याशिवाय आमच्या दारातून एक ट्यूब बाहेर पडली नाही.

कारखाना हा शब्द ऐकून धुराडी वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. एक लांबट शेड, तिला चिकटून दोन खोल्या आणि आम्ही चौदा माणसं. आम्ही भूर्जाच्या सालीपासून मलम करतो. भूर्ज म्हटलं की लोकांना जुन्या पोथ्या आठवतात आणि चेहरे एकदम गंभीर होतात. आमच्याकडे भूर्ज येतो तो लाकडाच्या गिरणीतून, पोत्यांत कोंबलेला, चिखल आणि मुंग्यांसकट. गिरणीला फळ्यांशी मतलब, साल ते पूर्वी भट्टीत जाळायचे. त्या सालीचा जो पांढरा रंग असतो ना, तोच आमचा माल. त्याला बेट्युलिन म्हणतात. साल सोलायची, वाळवायची, दळायची, गरम स्पिरिटमध्ये मुरवायची, गाळायची आणि थंड झाल्यावर तळाशी बसलेली पांढरी भुकटी ट्रेमध्ये सुकवायची. ही भुकटी सूर्यफुलाच्या तेलात घोटली की तेल आपोआप घट्ट होतं. मेण नाही, पाणी नाही, सुगंध नाही, दोनच जिन्नस. कोरडी पडून भेगाळलेली कातडी, खरचटणं, वरवरचं भाजणं, यांवर लोक ते लावतात आणि जखम लवकर भरते.

एवढंच. याहून जास्त मी लिहिलं तर आत्या खोडते. माहितीपत्रकं लिहिणं हे माझं काम. नवीन होते तेव्हा मी झोकात लिहिलं होतं, ‘त्वचा तजेलदार होते, सुरकुत्या पळतात, वय जिथल्या तिथे थांबतं.’ आत्याने शिसपेन्सिल घेतली. “वय थांबतं? मग माझं का नाही थांबलं? मी तर रोज लावते.” मी चिडले. दुसऱ्या वेळी जाडजूड अहवाल वाचून लिहिलं की या पदार्थाचा अमुक पेशींवर आणि तमुक चरबीवर परिणाम दिसला आहे.

“कुणाच्या अंगावर दिसला?” आत्याने विचारलं.

“अंगावर नाही. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत.”

“मग बशीत झालं ते बशीत राहू दे.”

मला तेव्हा तिचा फार राग आला. आता मी स्वतःच दुसऱ्यांची पत्रकं वाचताना पेन्सिल शोधते.

आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “एक हात कारखान्याला दिलाय, उरलेल्या एकाच हातावर कोण नांदवेल?” माझे आईवडील गेल्यापासून मी तिच्याकडे वाढले, अजूनही तिच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच राहतो. त्या डाव्या हाताचे लाड मी जवळून पाहिले आहेत. त्याला साबण नाही, कडक पाणी नाही, ऊन नाही. भांडी घासायची ती उजव्या हाताने, डावा आपला पाहुण्यासारखा बाजूला. पट्टी घासू नये म्हणून तिच्या प्रत्येक स्वेटरची डावी बाही कोपरावर कापलेली. आणि लहानपणी तिने मला कायम उजव्या कडेवर घेतलं. डावीकडून बिलगायला गेले की म्हणायची, “तिकडून नको गं, तो हात कामावर आहे.” मला त्या हाताचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी ती आदल्या दिवशीची पट्टी सोडायची, खिडकीपाशी जाऊन हात उजेडात धरायची आणि वहीत लिहायची. प्रत्येक घाण्याला एक ओळ. घाणा म्हणजे एका वेळी घोटलेलं मलम, साधारण चारशे ट्यूबांचं. ओळीत तारीख, घाण्याचा आकडा आणि शेवटी एकच शब्द, ‘गप्प’ किंवा ‘बोलला’. हात गप्प तर माल बाहेर. हात बोलला, म्हणजे लाल झाला, खाजला, चुणचुणला, तर अख्खा घाणा बाद. बाहेरच्या प्रयोगशाळेतही अधूनमधून नमुने जायचे, पण तिचा कागद यायला दोन-तीन आठवडे लागायचे, आणि तो भुकटी किती शुद्ध एवढंच सांगायचा. अंगाला काय होईल ते आत्या सांगायची. थोरल्या मालकांनी सुरू केलेली ही पद्धत, आणि ते गेल्यावर धाकट्यांनीही ती मोडली नाही. मोडतील कशाला? फुकटात इतका खात्रीचा हात कुठे मिळतो?

गेल्या वर्षी वसंतात हे सगळं उलटंपालटं झालं. त्या दिवसांत झाडात रस चढलेला असतो, त्यामुळे पांढऱ्या सालीबरोबर आतली तपकिरी सालही सुटून येते. ती नीट तासून काढावी लागते. तपकिरी मलमात गेली की अंग चुणचुणतं, हा आमचा जुना अनुभव. नेमक्या तेव्हा तासणाऱ्या दोघीजणी रजेवर होत्या आणि बाकीच्यांनी घाईघाईत उरकलं. भुकटी आली ती जरा पिवळट. आत्याने चिमूटभर तळहातावर घेतली. “रंग मळका दिसतोय. हात काय म्हणतो बघू,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, हात स्वच्छ. ‘गप्प.’ ट्यूबा भरल्या गेल्या.

त्याच घाण्यातली एक चेपलेली ट्यूब मी घरी आणली. चेपलेल्या ट्यूबा आम्हाला मिळतात. नव्या सदऱ्याच्या कॉलरने माझी मान घासली गेली होती, तिथे लावलं. दहा मिनिटांत अशी चुणचुण सुटली की मी मान धुवायला पळाले. सकाळी आरशात पाहिलं तर लालभडक पट्टा.

“आत्या, हे बघ.”

तिने चष्मा लावला. “कॉलरने झालंय.”

“कॉलर उजवीकडे घासली होती. मी मलम डावीकडेही फासलं, तिथेही बघ.”

“तुझी कातडीच नाजूक. लहानपणापासून.”

“बत्तीस वर्षांत मला या मलमाने कधी काही झालं नाही. आजच नाजूक झाले होय?”

चहा निवला तरी तिने कपाला हात लावला नाही. मग उठून ती माझी ट्यूब घेऊन कारखान्यात गेली, माझ्या आधीच, वेणी न घालता.

तिथे तिने तीन पट्ट्या कापल्या. एक स्वतःच्या डाव्या हातावर, एक ट्यूबा भरणाऱ्या ताईच्या हातावर, एक गाडीवाल्या काकांच्या. काका म्हणाले, “माझा हात म्हणजे गेंड्याची कातडी, आत्याबाई. माझ्यावर काय कळणार?” आत्या म्हणाली, “उद्या याच वेळी सोडायची. तोवर खाजवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं खिडकीपाशी उभे होतो. ताईने पट्टी सोडली, खाली लाल गोल. काकांनी सोडली, त्यांच्याही गेंड्यावर लाल गोल, वर दोन पुरळ. मग आत्याने आपली पट्टी सोडली. खाली गोरा, गुळगुळीत, शहाण्या मुलासारखा हात. तिने तो उजेडात इकडून तिकडे फिरवला. नखाने जोरात ओरखडा काढला. तिथे एक फिकट रेघ उमटली आणि लगेच मिटून गेली.

“सरावला,” ती म्हणाली.

पुढे कातडीच्या डॉक्टरीण बाईंनीही तेच सांगितलं. एकाच जागेला वर्षानुवर्षं तोच त्रास देत राहिलं, तर कातडी कधी कधी तक्रार करणं सोडून देते. आत्याला डॉक्टरची गरज नव्हती. ती वह्यांच्या कपाटाकडे गेली आणि मागे मागे पानं उलटू लागली. मला आधी कळेना ती काय शोधते आहे. गप्प, गप्प, गप्प. एक वही संपली, तिने दुसरी घेतली. गप्प, गप्प. मग मला कळलं. ती शेवटचा ‘बोलला’ शोधत होती.

तो सापडला सहा वर्षांपूर्वीच्या वहीत. त्याच्याआधी दर दोन-तीन महिन्यांनी एखादा असायचाच. त्याच्यानंतर एकही नाही. सहा वर्षं आमचा एकही घाणा बाद झाला नव्हता आणि आम्ही सगळे त्याचं श्रेय घेत फिरत होतो. तासणाऱ्या म्हणायच्या आमचा हात बसला, मालक म्हणायचे यंत्र चांगलं घेतलं, मी तर पत्रकात छापलं होतं, ‘सहा वर्षांत एकही तक्रारयोग्य घाणा नाही.’ ते एक वाक्य आत्याने खोडलं नव्हतं. तिलाही ते खरं वाटलं होतं.

“सहा वर्षं मी काय लिहीत होते गं?” तिने विचारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तो तिने झटकला.

मालक आले. वयाने माझ्याएवढेच आहेत, आत्याने त्यांना या शेडमध्ये रांगताना पाहिलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण घाबरला की गोड बोलतो.

“आत्या, थोडी चुणचुणच आहे ना? कुणी मरत नाही. गोदामातला माल आपण आजच थांबवू. जो बाहेर गेलाय त्याचं प्रयोगशाळेचा कागद आल्यावर बघू.”

“कागद यायला दोन आठवडे. तोवर लोक लावतील.”

“पण सांगायचं काय लोकांना? तुमचा हात काम करत नाही म्हणून? अहो, लोक तुमच्या हातावर विश्वास ठेवून मलम घेतात. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.”

“मग अवलक्षण. हात माझा आहे.”

“आणि उद्यापासून तुम्ही काय करणार इथे?” मालकांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर ते स्वतःच ओशाळले.

हाच खरा प्रश्न होता, आणि आत्याचा तो सकाळपासून मनात विचारून झाला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. एकसष्ट वर्षांची बाई. तिला भुकटीचं शास्त्र येत नव्हतं, यंत्र येत नव्हतं, हिशेब येत नव्हता. तिला येत होता तो हात. तो गेला तर ती त्या शेडमध्ये चहाला आलेली पाहुणी. मला वाटलं, आता ती थोडं सावरून घेईल. खरं सांगते, मला वाटत होतं की तिने सावरून घ्यावं. मी मनातल्या मनात पत्राचा गुळगुळीत मजकूरही जुळवायला लागले होते, ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ वगैरे.

आत्याने टेबलावरची वही ओढली. त्या घाण्यापुढच्या ‘गप्प’वर तिने काट मारली नाही. शेजारी लिहिलं, ‘हात सरावला आहे. सहा वर्षांच्या नोंदी धरू नयेत.’ खाली सही केली आणि वही मालकांपुढे सरकवली. “आता तूच फोन कर, नाहीतर मी करते.”

मालकांनी फोन केले. बहुतेक ट्यूबा दुकानांच्या फडताळातच होत्या, त्या परत आल्या. कारखान्याच्या विक्रीच्या खिडकीवरून थेट गिऱ्हाइकांकडे गेलेल्या सहा होत्या. त्यांतली एक कुणाकडे गेली ते आत्याला यादी न बघता माहीत होतं.

बेकरीत काम करणारी एक बाई दर महिन्याला आमच्याकडे यायची. तिची सात वर्षांची मुलगी अशी, की तिची कातडी जराशा घर्षणाने सुटते. बुटाने, चादरीने, कधी नुसत्या मिठीने. हा आजार बरा करणारं काही आमच्या ट्यूबेत नाही आणि आत्याने तिला तसं कधी भासवलंही नाही. पण उघड्या जखमा मलमाने लवकर मिटतात, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. आत्या तिच्यासाठी ट्यूब बाजूला काढून ठेवायची आणि स्वतः हातात द्यायची. आठ दिवसांपूर्वीही तिनेच दिली होती.

आम्ही दोघी गेलो. बेकरीच्या मागच्या जिन्याने वर, पिठाने पांढऱ्या झालेल्या कठड्याला धरत. बाईने दार उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं की उशीर झाला आहे. मुलगी पलंगावर बसलेली, दोन्ही गुडघ्यांना मऊ पट्ट्या, कडेने लाल.

“बरं झालं तुम्ही आलात,” बाई म्हणाली. “माझं काहीतरी चुकतंय हो. परवापासून मलम लावलं की ही किंचाळते. मला वाटलं पट्टी घट्ट बांधली. मग वाटलं हात नीट धुतले नसतील, पिठाचे हात माझे. काल तर मी हिच्यावरच ओरडले, की सगळी मुलं थोडं सहन करतात. सांगा ना, कशी लावू?”

आत्या उभीच होती. तिच्या ओठांचा चंबू झाला, लहान मूल रडण्याआधी होतो तसा. पण ती रडली नाही.

“तुझं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “मलम वाईट होतं. मी हातावर लावून बघते ना? माझ्या हाताला कळलं नाही. त्याला कळतच नाही आता. मी चांगलं म्हणून दिलं आणि ते वाईट होतं. ही ओरडत होती ते खरं होतं.”

बाई पलंगाच्या काठावर बसली आणि तिने मुलीच्या केसांवर अगदी हलका हात ठेवला. ती आत्याला एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुलगी मात्र आत्याच्या हाताकडे बघत होती. “याला दुखतच नाही?”

“नाही.”

“चिमटा काढला तर?”

“ते थोडं कळतं. पण मलमाचं नाही कळत.”

मुलीने विचार केला. तिला दुखण्याची जेवढी माहिती होती तेवढी त्या खोलीत कुणालाच नव्हती. “मग तुम्हाला दुसऱ्याचं कसं कळणार?”

परतताना जिन्यावर आत्या मध्येच बसली आणि तिथे रडली, भरपूर, पिठाच्या पायरीवर. मी शेजारी बसले. डावीकडे बसले होते, तिने या वेळी सरक म्हटलं नाही.

मुलीचे गुडघे जुन्या, ताई-काकांच्या हातांवर पारखून घेतलेल्या घाण्यातल्या मलमावर दोन-तीन आठवड्यांत सावरले. प्रयोगशाळेचा कागद आला, त्यात भुकटी खरंच अशुद्ध निघाली. कारखान्यात नवी पद्धत सुरू झाली आणि ती आत्यानेच घालून दिली. आता सहा हात असतात, पाळीपाळीने, आणि कुठलाही हात तीन महिन्यांहून जास्त कामावर ठेवायचा नाही. ताईचा, काकांचा, माझा, आणि हो, मालकांचाही. मालकांच्या हाताला काहीही झालं की ते आठवडाभर सांगत फिरतात, पण पट्टी चुकवत नाहीत. सकाळी आत्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते, आमच्या पट्ट्या सोडते, भिंग लावून बघते. “खाजलं का? खरं सांग. कधी? जेवणाआधी की नंतर?” इतकी चौकशी करते की काका म्हणतात, सासुरवाडीतही एवढं कुणी विचारलं नव्हतं. तिचा स्वतःचा हात यादीत नव्हता. त्यावर पट्टी नव्हती. पहिले काही दिवस ती नकळत तिथे बोट फिरवायची.

या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा मी तिला एक स्वेटर विणून दिला. विणकामात माझा उजेडच आहे, लोकरही स्वस्तातली, खरखरीत. पण दोन्ही बाह्या पूर्ण. “डावी कापायची नाही,” मी बजावलं. तिने तो घातला आणि आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून बघितले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी पत्रक लिहीत होते. आत्या शेडमधून जवळजवळ पळत आली. या वयात तिने पळू नये. बाही कोपरापर्यंत सारलेली, आणि त्या जागी, मनगटाच्या चार बोटं वर, खरखरीत लोकर घासून उठलेला लाल चट्टा, त्यावर बारीक पुरळ.

“खाजतंय,” ती म्हणाली. “सकाळपासून खाजतंय गं!”

ती हसत होती. मी हात धरून उजेडात नेला, बोटाने दाबून पाहिला. तिने “आई गं” केलं. मलाही हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्ष त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, तेव्हा कुठे तो पुन्हा बोलायला लागला होता.

“मालकांना सांगूया,” मी म्हणाले. “आता तुझं नाव परत यादीत घालू. सातवा हात.”

“ते बघू मग. तीन महिन्यांची पाळी सगळ्यांसारखी.” ती खुंटीवरची पिशवी काढत होती. “तू आधी चप्पल घाल.”

“कुठे?”

“बेकरीवर. त्या पोरीने मला विचारलं होतं.” तिने बाही पुन्हा वर सारली, चट्टा झाकला जाऊ नये म्हणून. “मिटायच्या आत दाखवून येऊ.”